नावावरची रेघ

“बाई, तुमच्या पुस्तिकेत बासष्ट नावं आहेत. इथं दगडावर त्रेसष्ट निघालीत,” उद्यान अधिकारी फोनवर म्हणाला आणि माझी लाल पेन्सिल कागदावर टेकता टेकता थांबली. एकतीस वर्षं मी नगरपालिकेच्या छापखान्यात मुद्रितं तपासते. माझ्या नजरेतून चूक सुटत नाही असा माझा लौकिक आहे, आणि तो मी घाम गाळून मिळवलाय, कारण मूळची मी विसराळू. बागेतल्या युद्धस्मारकाला पन्नास वर्षं पूर्ण होताहेत, त्याचा इतिहास चोवीस पानांत छापायचा असं वरून आलं. लिहायला कुणी तयार होईना, तेव्हा “नावं तुमच्या वडिलांनीच कोरली ना?” एवढ्या एका प्रश्नावर ते काम माझ्या गळ्यात पडलं. बासष्ट हा आकडा मी तीनदा मोजला होता. दगडावर, समितीच्या यादीत आणि माझ्या मुद्रितात. मी म्हटलं, “साहेब, पुन्हा मोजा.” तो म्हणाला, “मोजलंय. जास्तीचं एकदम तळाशी आहे. रस्ता खाली घ्यायचा म्हणून पायथा उकरला, तर मातीतून वर आलं. आडनावबिडनाव काही नाही, नुसतं नाव.” आणि त्यानं ते वाचून दाखवलं. चार अक्षरं. आमच्या घरात ती चार अक्षरं कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. आई ‘तो’ म्हणते, मी दादा म्हणते. एका परक्या माणसाच्या तोंडून, रस्त्यावरच्या हॉर्नच्या आवाजात ती ऐकली आणि मी पेन्सिल खाली ठेवली. “येते,” एवढंच म्हणाले आणि चप्पल उलटसुलट घालून निघाले. हे मला फाटकाबाहेर गेल्यावर कळलं.

छापखान्यापासून बाग चालत दहा मिनिटांवर. त्या दहा मिनिटांत मी काय विचार करावा? मी पुस्तिकेतला मजकूर आठवत होते. माणूस घाबरला की पाठ असलेलं काहीतरी म्हणतो, तसं. बागेच्या जागी पूर्वी वीटभट्टीचं डबकं होतं. ते बुजवलं, झाडं लावली, आणि लढाई संपल्यावर मधल्या चौथऱ्यावर सैनिकाचा पुतळा उभारायचं ठरलं. समितीच्या अकरा बैठका झाल्या. त्यांतल्या नऊ, पुतळ्यानं तोंड कुणीकडे करायचं यावर. शत्रूच्या दिशेला करावं तर शहराकडे पाठ होते, शहराकडे करावं तर सैनिक पळून आल्यासारखा दिसतो. शेवटी तोंडच नको, नुसता दगड उभा करू, असं ठरलं. इतिवृत्तात हे इतक्या गंभीर भाषेत लिहिलंय की मी ते वाचताना एकटीच हसले होते. मग नावांचा क्रम. हुद्द्याप्रमाणे लावायचा म्हणून दोन महिने वाद. त्यावर एका सैनिकाची बायको बैठकीत उभी राहून म्हणाली, “मेल्यावर कसला हुद्दा?” आणि खाली बसली. नावं अकारविल्हे लागली. हे मी पुस्तिकेत घातलं होतं. छापखान्याच्या साहेबांनी त्यावर प्रश्नचिन्ह केलं, मी ते पुसून टाकलं. एक गोष्ट मात्र मी घातली नव्हती. दगडाची मागची बाजू समितीनं मुद्दाम कोरी सोडायला लावली होती. ‘पुढील गरजेसाठी’ असे शब्द आहेत इतिवृत्तात. बाबा म्हणायचे, नावांची बाजू बघून रडू येतं, कोऱ्या बाजूची भीती वाटते. पुढची लढाई तेरा वर्षांनी आली. कोऱ्या बाजूवर पितळेची पाटी बसली, मशीनवर कोरलेली, एकशे आठ नावांची. दादा त्याच लढाईवर गेला होता. पाटीवर तो नाही, कारण तो मेलेला नाही, बेपत्ता आहे.

तळाशी त्याचं नाव कसं, हे मला फोनवरच कळलं होतं. बाबांची एक रीत होती. नवा दगड आला की खरं अक्षर मारायच्या आधी ते, जो भाग जमिनीत गाडला जाणार तिथं, घरातल्या कुणाचंतरी नाव कोरत. “हात बसवायला,” म्हणत. “प्रत्येक दगडाचा स्वभाव निराळा असतो. आधी घरच्या नावावर ओळख करून घ्यावी, म्हणजे परक्याच्या नावावर हात घसरत नाही.” दवाखान्याच्या कोनशिलेखाली आई आहे. माझं नाव शाळेच्या दगडाखाली आणि पुलाच्या दगडाखाली. या शहरात मी दोन ठिकाणी जमिनीत आहे, या गोष्टीची लहानपणी मला गंमत वाटायची, हल्ली बसमधून पुलावरून जाताना मी पाय वर घेऊन बसते. स्मारकाच्या वेळी दादाची पाळी होती. तो नऊ वर्षांचा, मी पाच. बागेत ताडपत्रीखाली दगड आडवा पडलेला, आम्ही डबा घेऊन गेलो की बाबा भुवयांवरची पांढरी भुकटी झटकत उठत. दादा दगडावर पालथा पडून अक्षर उमटताना बघत होता. चार अक्षरं झाली आणि बाबांनी छिन्नी खाली ठेवली. “रेघ?” दादानं विचारलं. “रेघ नाही मारायची. रेघ शेवटी असते. ती मारली की नाव बंद झालं. हे आपलं हात बसवण्यापुरतं.” “म्हणजे माझं नाव अर्धंच?” तो रुसला. बाबा हसले, “अर्धं नाही रे, उघडं. तुझं सगळं व्हायचंय अजून.” हे सगळं मला खरंच आठवतं की पुढे इतक्या वेळा घोकलं की आठवतंसं वाटतं, देव जाणे. पण वरची रेघ नसलेली ती चार अक्षरं मला दिसतात. सुटी सुटी, स्वेटर न घालता शाळेत आलेल्या मुलांसारखी.

बागेत चौथऱ्याभोवती दोरी बांधली होती. अधिकारी तरुण, मिशी नुकती ठेवलेली, हातात माझ्याच पुस्तिकेची प्रत. खड्ड्यात दगड घासणारा मिस्त्री उकिडवा बसून ओल्या फडक्यानं पायथा पुसत होता, शेजारी घासायचं मशीन. मी दोरीखालून वाकून आत गेले. मला वाटलं होतं, मी बघेन, म्हणेन, हो, हे आमचं घरचं आहे, हात बसवायला कोरलेलं, घासून टाका. चुकीचा मजकूर आहे, काढा. माझा धंदाच तो. मी खाली बसले. अक्षरं बाबांचीच होती, कान्याच्या पायाशी किंचित रुंद होणारी. पन्नास वर्षं मातीत राहून कोवळी राहिली होती. आणि त्यांच्या डोक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ होती.

मी बोटानं चाचपून पाहिलं. डोळ्यांवर माझा आयुष्यभर विश्वास, पण त्या क्षणी नव्हता. रेघ होती. वाकडी, मध्ये एका ठिकाणी तुटून पुन्हा धरलेली. मिस्त्री म्हणाला, “ताई, गंमत बघा. अक्षरं मारणारा हात वेगळा आणि रेघ मारणारा वेगळा. अक्षरवाला कसलेला होता. रेघवाला कुणीतरी शिकाऊ. किंवा म्हातारा असंल. आणि रेघ मागनं मारलीय, तिच्या कडा बघा, अजून बोचतात.” हात एकच होता. फक्त मध्ये पंधरा-सोळा वर्षं गेली होती आणि त्या वर्षांत एक पत्र आलं होतं.

“ओळखीचं आहे का कुणी?” अधिकाऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, “माझा भाऊ.” तो गडबडला, पुस्तिका बगलेत मारून दोन्ही हात मोकळे केले, जणू मला धरावं लागणार होतं. मी थोडक्यात सांगितलं. पोरगा मनानं चांगला निघाला. म्हणाला, “बाई, यादीत नसलेलं नाव मी ठेवू शकत नाही. उद्या दुपारी पायथा घासायचाय, परवा सिमेंट. पण लढाईतले बेपत्ता असतील तर यादीत घेता येतं. जवळच्या नातेवाइकानं एक कागद लिहून द्यायचा, आम्ही यांना मृत मानतो म्हणून. आई आहेत ना तुमच्या? त्यांची सही आणा. मी बाकीचं बघतो. नाव इथंच राहील, वर आडनावासकट नवीनही कोरू.” त्यानं पिशवीतून छापील कागद काढून दिला. आमच्याच छापखान्यातला. ‘मृत मानतो/मानते’ यातला तिरपा दंड दहा वर्षांपूर्वी मीच घालायला लावला होता. “आणि सही नाही मिळाली तर?” मी विचारलं. त्यानं मिस्त्रीकडे पाहिलं, मिस्त्रीनं मशीनकडे.

घरी जायला बस होती, मी चालत निघाले. आमची इमारत पाडायची ठरून तीन वर्षं झाली. बाकीची सगळी बिऱ्हाडं गेली. दुसऱ्या मजल्यावर आता दारांच्या जागी नुसत्या चौकटी आहेत. तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघी. नळाला पाणी येईल न येईल, जिन्याचा कठडा हलतो, आणि आई हलत नाही. तिला कुणी हट्टी म्हणतं, कुणी भ्रमिष्ट. ती दोन्ही नाही. झालं असं, की पत्र आलं तेव्हा ते मी वाचून दाखवलं. मी अठरा वर्षांची होते. ‘आपला मुलगा बेपत्ता असल्याचे कळविण्यास खेद होतो.’ बाबा भिंतीला टेकून खाली बसले. आईनं विचारलं, “बेपत्ता म्हणजे?” मला ‘मेला असेल’ म्हणवेना. आई स्वतःशीच शब्द फोडत बसली. बे-पत्ता. मग म्हणाली, “म्हणजे त्याच्याकडे आपला पत्ता नाही. हरवला असेल कागद. असू दे. घर कुठं जातंय?” त्या वेळी मी तिला थांबवायला हवं होतं. अर्थाची चूक होती, सरळ सरळ चूक, आणि पुढे सगळ्या शहराच्या चुका सुधारणारी मी त्या एका चुकीवर गप्प बसले. त्या दिवसापासून आमचा पत्ता बदललेला नाही. सदतीस वर्षं. दारावरची पाटी ती दर महिन्याला पुसते. टपालवाल्यांच्या तीन पिढ्या तिला ओळखतात. छापखान्यात एक जण होता, पुस्तकबांधणी करणारा. त्याला दुसऱ्या शहरात काम लागलं. “चल,” म्हणाला. मी म्हटलं, “थोडं थांब.” तो बिचारा दोन वर्षं थांबला. मग त्याचं लग्नाचं कार्ड आमच्याकडेच छपाईला आलं, आणि मुद्रित माझ्याच टेबलावर. एकही चूक नव्हती.

खरं सांगायचं तर मी दादाच्या मरणाची वाट पाहत आले. आई त्याच्या येण्याची आणि मी त्याच्या मरणाची, एकाच खिडकीत बसून. तो मला आवडत नव्हता असं नाही. मला सायकल त्यानंच शिकवली, पडले तर आधी हसायचा आणि मग उचलायचा. पण मेला असं एकदा कुणीतरी लिहून द्यावं, शिक्का मारावा, म्हणजे मला रडता येईल आणि मग जिना उतरता येईल, असं मला वाटायचं. आज तो लिहून देणारा सापडला होता, आणि ते माझे बाबाच होते. पत्र आल्यावर त्यांनी काम सोडलं. छिन्न्या, हातोड्या ट्रंकेत घालून ट्रंक पलंगाखाली ढकलली. लोक म्हणाले, मुलाच्या दुःखानं हात गेला. मला चालता चालता आठवायला लागलं. दोन-तीन वर्षांनंतरची एक दुपार. बाबा बाहेरून आले तेव्हा उजव्या हाताच्या नखांत माती होती आणि डाव्या हाताचा अंगठा काळानिळा सुजलेला. “दारात सापडला,” म्हणाले, मान खाली घालून. आईनं काही न विचारता अंगठा नळाखाली धरला. बराच वेळ धरला. मी तेव्हा परीक्षेचा अभ्यास करत होते, पाण्याच्या आवाजानं लक्ष लागेना म्हणून चिडले होते. दारात सापडलेला अंगठा. छिन्नी धरायचा हात डावा आणि हातोड्याचा उजवा. इतकी वर्षं मी काय तपासत होते?

म्हणजे बाबांनी त्याला मेलेलं मानलं होतं. एकट्यानं. भर दुपारी बागेत जाऊन, हातांनी माती उकरून, स्वतःच्या मुलाचं नाव बंद करून, माती पुन्हा लोटून घरी आले, आणि पुढे वीस वर्षं रोज संध्याकाळी आई म्हणाली, “आज टपाल नव्हतं,” की “उद्या येईल,” म्हणत राहिले. मरेपर्यंत म्हणत राहिले. शेवटच्या आठवड्यातसुद्धा. मला त्यांचा राग आला, असा की पदपथावर थांबून श्वास घ्यावा लागला. एक शब्द बोलले असते तर! आणि मग दुसरा विचार आला तो रागाहून वाईट होता. आता ते माझ्या हातात आहे. आईला नुसतं सांगायचं, बाबांनी रेघ मारलीय. दगडकामवाल्याची बायको ती, तिला पुढचं समजावावं लागणार नाही. ती सही करेल. नाव राहील. आम्ही त्या पडक्या जिन्यावरून खाली उतरू, दोन खोल्यांच्या उजेडाच्या घरात जाऊ. सांगायचं, बस. तीन मजले चढताना मी ते वाक्य तयार करत होते, शब्द मागेपुढे करत होते, जसं मथळा बसत नसला की करते. ‘आई, बाबांनी.’ ‘बाबांनी, आई.’ दुसऱ्या मजल्यावर वारा उघड्या चौकटींतून येत होता.

आई दाराशीच खुर्ची घेऊन बसली होती, नेहमीसारखी. “लवकर आलीस? बरं नाही का?” मी कागद टेबलावर ठेवला आणि सांगायला लागले. बागेतला रस्ता, पायथा, खाली निघालेलं नाव. ती ऐकत होती. दादा नऊ वर्षांचा असताना पालथा पडून बघत होता, ते सांगितलं तेव्हा हसलीसुद्धा. “डबा सांडला होता त्या दिवशी त्यानं. दोघं उपाशी राहिले बापलेक, आणि मला सांगितलं छान झालं होतं.” मग मी कागदाचं सांगितलं. सही केली तर नाव राहील, नाही केली तर उद्या दुपारी घासून टाकतील. ‘मृत मानते’ हे शब्द मी भरभर वाचले, बारीक टायपातला मजकूर वाचतात तसे. तिचे हात मांडीवर होते ते तसेच राहिले. खाली कुठेतरी एक पत्रा वाऱ्यानं वाजत होता. वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी तिच्याकडे पाहिलं. एकोणऐंशी वर्षांची बाई, केस नीट विंचरलेले, कारण कुणी आलंच तर. मला कळलं की ते वाक्य बोलले तर मुलगा जाईल तो जाईल, पण नवराही जाईल. ‘उद्या येईल’ म्हणणारा तिचा नवरा वीस वर्षं खोटा ठरेल. तिच्याजवळ दुसरं होतं काय?

आईनं विचारलं, “रेघ आहे का त्याच्यावर?”

मी टेबलावरचा कागद सरळ केला. तो सरळच होता. “नाही,” मी म्हटलं. “नुसती अक्षरं आहेत.”

पत्रा दोनदा वाजला. संपलं, मला वाटलं. उद्या मशीन येईल, पायथा गुळगुळीत होईल, पुस्तिकेत बासष्ट नावं बरोबर ठरतील, आणि आम्ही इथंच राहू, पाणी येईल तेव्हा भरू, जिना पडेपर्यंत. मला वाईट वाटलं, पण खोटं बोलल्याचं नाही. मग आई म्हणाली, “तुझे बाबाही असेच बोलायचे. मान खाली घालून.”

मी वर पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. “दारात सापडला म्हणे अंगठा,” ती म्हणाली. “दगडवाल्याच्या घरात तेव्हा पंचवीस वर्षं काढली होती मी. हातोडा बसलेला अंगठा मला कळत नाही? आणि नखांतली ती काळी माती. बागेशिवाय कुठं आहे तसली माती इथं?” “मग तू बोलली का नाहीस?” माझा आवाज चढला, “इतकी वर्षं? दोघं एकमेकांना टपाल टपाल करत बसलात!” “ते मला सांगायला धजत नव्हते. मी म्हटलं, नाही धजत तर राहू दे. त्यांना वाटत होतं माझ्याकडे बघून त्याची वाट बघावी, मला वाटत होतं त्यांच्यासाठी बघावी. आणि ते गेल्यावर...” ती थांबली. “ते गेल्यावर मला वाटलं, आता तुझ्यासाठी.” “माझ्यासाठी?” “तू रोज खिडकीत बसायचीस की.”

मला रडू आलं. सदतीस वर्षांचं आलं, टेबलावर डोकं ठेवून, लहान मुलीसारखं हुंदके देऊन. दादासाठी आलं, आणि बांधणीवाल्यासाठी, आणि दोन वर्षांसाठी. आईनं मला रडू दिलं. थोपटलं नाही, गप्प हो म्हणाली नाही. मग तिनं कागद स्वतःकडे ओढला. “लिही तू. माझं अक्षर दिसत नाही मला नीट.” मी रकाने भरले. नाव लिहिताना ती चार अक्षरं ती मोठ्यानं म्हणाली, एकेक करून, जशी ती दादासमोर दगडावर उमटली होती. ‘शेवटचा ज्ञात पत्ता’ अशा रकान्यापाशी मी अडले. “हाच लिही,” ती म्हणाली. “हाच होता की. त्याला ठाऊकही होता.”

सहीची जागा मी बोटानं दाखवली. आईला लिहायला बाबांनी शिकवलं होतं, लग्नानंतर, दगडाच्या तुकड्यावर खडूनं. आधी नुसती अक्षरं, मग रेघ, असं. पण आईनं सहीवर रेघ कधी मारलीच नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावरच्या तिच्या सह्या सगळ्या उघड्या आहेत. शाळेत बाई विचारायच्या, तुझ्या आईला पूर्ण लिहिता येत नाही का? मी घरी येऊन चिडायचे, तर आई म्हणायची, “माझा हात अजून बसायचाय गं.” आता तिनं पेन धरलं आणि एकेक अक्षर काढलं, सुटं सुटं. शेवटचं अक्षर झालं तसं मी कागद घ्यायला हात पुढे केला.

“थांब,” आई म्हणाली. तिनं पेन पुन्हा पहिल्या अक्षरापाशी नेलं, क्षणभर टेकवून ठेवलं आणि डावीकडून उजवीकडे सावकाश रेघ मारली. रेघ सरळ आली होती.